केटी लेडेकी : वेग वाढणे थांबल्यानंतरची कारकीर्द

दूरपल्ला (धागाकर्ता)

अमेरिकी जलतरणपटू केटी लेडेकीविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात बहुधा पदकांची बेरीजच असते. ऑलिम्पिकमध्ये ९ सुवर्ण, ४ रौप्य आणि १ कांस्य. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत २३ सुवर्ण. सुवर्णपदकांच्या संख्येत सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लातिनिनाशी बरोबरी. ही बेरीज चुकीची नाही, पण तिच्यावरून या बाईने पाण्यात नेमके काय केले ते समजत नाही. २०१२ ते २०१६ या चार वर्षांतील विक्रमांवरच सगळ्यांचे कौतुक खर्च होऊन जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. तिचा मोठेपणा २०१६ नंतर, म्हणजे तिचा वेग वाढणे थांबल्यावर, अधिक स्पष्ट दिसतो, आणि या धाग्यात मला प्रामुख्याने त्याच काळाविषयी लिहायचे आहे.

तरीही सुरुवातीची वर्षे टाळता येणार नाहीत. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये १५ वर्षांची लेडेकी अमेरिकेच्या संपूर्ण पथकातील सर्वांत लहान खेळाडू होती. ८०० मीटर फ्रीस्टाईलच्या अंतिम फेरीत गतविजेती रेबेका ॲडलिंग्टन आपल्या देशाच्या प्रेक्षकांसमोर पोहत होती आणि विश्वविक्रमही (८:१४.१०) तिच्याच नावावर होता. लेडेकीने पहिल्यापासूनच असा वेग धरला की हिची दमछाक होणार, असे कोणालाही वाटावे. ती दमली नाही. ८:१४.६३ या वेळेत तिने शर्यत जिंकली आणि जॅनेट इव्हान्सचा १९८९पासून टिकलेला ८:१६.२२ हा अमेरिकी विक्रम मोडला. विश्वविक्रम अर्ध्या सेकंदाने हुकला.

पुढच्या वर्षी बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेत तिने ४००, ८०० आणि १५०० मीटरची सुवर्णपदके घेतली आणि त्यातील शेवटच्या दोन शर्यतींत विश्वविक्रम केले. तेथील १५०० मीटरची शर्यत मला तिच्या सगळ्या शर्यतींत विशेष वाटते, कारण डेन्मार्कच्या लोटे फ्रीसने तिला जवळजवळ शेवटपर्यंत सोडले नव्हते आणि दोघींनीही जुना विश्वविक्रम मागे टाकला. २०१५मध्ये कझानला तिने २०० ते १५०० मीटरपर्यंतच्या चारही वैयक्तिक फ्रीस्टाईल शर्यती जिंकल्या. त्यात १५०० मीटरची अंतिम फेरी विश्वविक्रमासह जिंकल्यावर अर्ध्या तासाच्या आत २०० मीटरच्या उपांत्य फेरीसाठी तिला पुन्हा पाण्यात उतरावे लागले होते. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये २००, ४०० आणि ८०० मीटरची सुवर्णपदके तिने एकत्र मिळवली, आणि हे १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधील डेबी मेयरनंतर प्रथमच घडले. ८०० मीटरला दुसरी आलेली जॅझ कार्लिन ११.३८ सेकंद मागे होती. त्या वेगाने हे अंतर सुमारे १८ मीटर भरते. विजेती भिंतीला हात लावून थांबली तेव्हा रौप्यपदकाची मानकरी अजून तलावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागातही बरीच मागे होती.

येथून पुढे आकडे वेगळे बोलू लागतात. २०० मीटरची तिची सर्वोत्तम वेळ (१:५३.७३) रिओचीच राहिली. ४०० मीटरची सर्वोत्तम वेळही (३:५६.४६) रिओचीच. १५०० मीटरचा विश्वविक्रम (१५:२०.४८) तिने २०१८च्या मे महिन्यात इंडियानापोलिसला केला आणि तो पुढे तिच्याकडूनही सुधारला गेला नाही. ८०० मीटरची रिओतील ८:०४.७९ ही वेळ तिने मोडली ती थेट २०२५मध्ये. म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिने जी उंची गाठली, तिच्या आसपास राहण्यातच तिची पुढची नऊ वर्षे गेली. ज्या खेळाडूला दर वर्षी स्वतःचा विक्रम मोडण्याची सवय लागलेली असते, तिला रोज तितकेच कष्ट करूनही घड्याळ दाद देत नाही, असा हा काळ असतो. अनेक जलतरणपटू नेमके याच टप्प्यावर खेळ सोडतात. ही का टिकली, आणि टिकताना तिने काय सोडून दिले, यावर चर्चा व्हावी अशी अपेक्षा आहे.

पाणघड्याळ

धागा आवडला. वेगाविषयी थोडी भर घालतो, कारण आकडेमोड केल्याशिवाय या बाईचे वेगळेपण डोळ्यांत भरत नाही.

तिची २०० मीटरची सर्वोत्तम वेळ घेतली तर दर १०० मीटरला सरासरी ५६.८७ सेकंद पडतात. ८:०४.१२ या ८०० मीटरच्या सध्याच्या विश्वविक्रमात हीच सरासरी ६०.५ सेकंद येते, आणि १५०० मीटरच्या विक्रमात ६१.३७. अंतर साडेसातपट वाढते, पण वेग शंभर मीटरमागे अवघ्या साडेचार सेकंदांनी उतरतो. पन्नास मीटरच्या तलावात १५०० मीटर म्हणजे ३० फेऱ्या आणि २९ टर्न, म्हणजे भिंतीपाशी उलटे वळणे. या साऱ्या फेऱ्या तीस सेकंदांच्या थोड्या वर, एकीमागून एक, जवळपास सारख्या वेळेत पार पडतात. शेवटची फेरी सोडली तर तिच्या फेऱ्यांच्या वेळांत चढउतार फार थोडा दिसतो. लांब पल्ल्याचे बहुतेक जलतरणपटू मधल्या टप्प्यात नकळत मंदावतात आणि शेवटी पुन्हा जोर लावतात. हिचा मधला टप्पाच प्रतिस्पर्ध्यांना मोडतो.

तिच्या स्ट्रोकविषयीही सांगायला हवे. दोन्ही हातांची लय समान ठेवण्याऐवजी ती एका बाजूवर किंचित रेंगाळते, म्हणजे श्वासाच्या बाजूला शरीर जरा जास्त वळते आणि पुढचा हात क्षणभर ताणलेला राहतो. प्रशिक्षक या पद्धतीला गॅलप म्हणतात. ती पूर्वी मुख्यतः पुरुषांच्या मधल्या पल्ल्याच्या शर्यतींत दिसत असे, कारण तिला खांद्यांची ताकद आणि सतत चालणारी किक लागते. ८०० मीटरभर ही पद्धत टिकवणे महागात पडते, असा पूर्वी समज होता.

तिसरी लेन

लेखन उत्तम आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. २०१६ नंतर ती टिकली याचे एक साधे कारण असे की ८०० आणि १५०० मीटरला तिच्या तोडीची कोणी नव्हती. जेथे तोडीची प्रतिस्पर्धी आली तेथे ती हरली. २०१७मध्ये बुडापेस्टला २०० मीटरमध्ये इटलीच्या फेडेरिका पेलेग्रिनीने तिला मागे टाकले. २०१९मध्ये ग्वांगजूला ४०० मीटरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या अरियार्न टिटमसने हरवले. टोकियोत टिटमसने २०० आणि ४०० दोन्ही जिंकल्या. ४०० मीटरमध्ये लेडेकी बराच वेळ पुढे होती आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये टिटमसने तिला गाठून ३:५६.६९ विरुद्ध ३:५७.३६ असे नमवले. २०० मीटरमध्ये लेडेकी पाचवी आली. पॅरिसला ४०० मीटरमध्ये टिटमस आणि कॅनडाची समर मॅकिन्टॉश यांच्या मागे तिसरी. तेव्हा ‘काय सोडून दिले’ याचे उत्तर असे की ज्या शर्यती हातातून गेल्या त्या सोडून दिल्या. यात शहाणपण आहे, पण त्याला मोठेपणा म्हणताना हात थोडा आखडता घ्यावा.

दूरपल्ला (धागाकर्ता)

तिसरी लेन, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि आक्षेपही रास्त आहे. तरी टोकियोकडे थोडे बारकाईने पाहावे, अशी विनंती.

४०० मीटरच्या त्या अंतिम फेरीत लेडेकीने नोंदवलेली ३:५७.३६ ही तोपर्यंतच्या तिच्या आयुष्यातील दुसऱ्या क्रमांकाची वेगवान वेळ होती. म्हणजे ती वाईट पोहली म्हणून हरलेली नाही; समोरची अधिक चांगली पोहली. त्यानंतर दोन दिवसांनी २०० मीटरची अंतिम फेरी आणि १५०० मीटरची अंतिम फेरी एकाच सत्रात, साधारण तासाभराच्या अंतराने होती. पहिल्या शर्यतीत १:५५.२१ अशी वेळ देऊन ती पाचवी आली आणि ऑलिम्पिकच्या वैयक्तिक अंतिम फेरीत प्रथमच पदकाशिवाय पाण्याबाहेर पडली. तासाभराने तिने १५०० मीटर जिंकली. दुसऱ्या दिवशी ४ × २०० मीटर रिलेत अखेरच्या टप्प्यात ती १:५३.७६ पोहली आणि ऑस्ट्रेलियाला मागे टाकून संघाला रौप्यपदक मिळवून दिले. रिलेत सहकाऱ्याचा हात भिंतीला लागताना आधीच झेप घेता येते, त्यामुळे अर्धा-पाऊण सेकंद वाचतो. तो वजा केला तरी आदल्या दिवशीच्या तिच्याच वेळेपेक्षा ही कामगिरी सरस ठरते.

सोडून देण्याबद्दल म्हणाल, तर २०२४मध्ये अमेरिकेच्या निवड चाचणीत तिने २०० मीटरची शर्यत जिंकली होती आणि तरीही पॅरिसला ती शर्यत वैयक्तिक गटात पोहली नाही. पात्र ठरलेली शर्यत ऑलिम्पिकमध्ये सोडणे आणि त्यातून वाचलेली ताकद १५०० मीटर व रिलेसाठी राखणे हा हिशेब आहे. ४०० मीटर मात्र तिने सोडली नाही, तिथे सुवर्णपदकाची शक्यता कमी दिसत असूनही.

काठावरची

१५०० मीटरचा विषय निघाला आहे म्हणून एक मुद्दा मांडते, जो पदकांची बेरीज करणारे सोयीस्कर विसरतात.

पुरुषांची १५०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९०८पासून आहे. स्त्रियांसाठी ८०० मीटरच १९६८मध्ये आली आणि १५०० मीटर टोकियोत, म्हणजे २०२१मध्ये. स्त्रियांना इतके अंतर झेपणार नाही, हा जुना समज आणि कार्यक्रमपत्रिकेत जागा नसल्याचे कारण, या दोहोंत पन्नासहून अधिक वर्षे निघून गेली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २००१पासून ही शर्यत होत होती. तिच्या विक्रमांची नोंदही होत होती. जॅनेट इव्हान्सने १९८८मध्ये १५:५२.१० अशी वेळ दिली आणि ती २००७मध्ये केट झिग्लरने मोडली. पण या दोघींनाही या अंतरावर ऑलिम्पिक पदकाची संधी कधीच मिळाली नाही.

लेडेकीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की ज्या अंतरावर ती इतरांपासून सर्वांत दूर होती ते अंतर तिच्या पहिल्या दोन ऑलिम्पिकमध्ये नव्हतेच. रिओच्या वेळी १५०० मीटरचा विश्वविक्रम (१५:२५.४८) तिचाच होता. टोकियोत ती ही शर्यत १५:३७.३४ या वेळेत जिंकून पहिली ऑलिम्पिक विजेती झाली, तिचीच सहकारी एरिका सुलिव्हन दुसरी आली, आणि पॅरिसला तिने १५:३०.०२ असा ऑलिम्पिक विक्रम करून सुमारे दहा सेकंदांच्या फरकाने ती राखली. अमेरिकी जलतरणपटू मायकल फेल्प्सची २३ सुवर्णपदके आणि हिची ९ अशी तुलना करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की बटरफ्लाय, मिश्र शैली आणि तीन रिले यांमुळे एका स्पर्धेत आठ शर्यतींपर्यंत जाता येते. लांब पल्ल्याच्या जलतरणपटूच्या वाट्याला तितक्या शर्यतीच नसतात, आणि असत्या तरी एका आठवड्यात प्राथमिक फेऱ्यांसह तितके किलोमीटर शर्यतीच्या वेगाने पोहणे कोणाला शक्य झाले असते?

फिरकी

एक शंका. ॲडलिंग्टनचा ८०० मीटरचा विक्रम २००८चा, म्हणजे त्या वादग्रस्त पोशाखांच्या काळातला ना? मग लेडेकीचे विक्रम त्याच मापाने मोजावेत का?

पाणघड्याळ

फिरकी, शंका अगदी योग्य आहे आणि उत्तर लेडेकीच्या बाजूने जाते. २००८ आणि २००९मध्ये पॉलियुरेथेनचा वापर केलेले पोशाख चालत होते. त्यामुळे शरीर आवळले जाई, पाण्यात थोडे वर राही आणि पाण्याचा विरोध कमी होई. २०१०च्या आरंभापासून त्यांच्यावर बंदी आली. तेव्हापासून स्त्रियांचा पोशाख कापडी आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच असावा लागतो. लेडेकीचे सगळे विक्रम बंदीनंतरचे आहेत. ४०० मीटरमध्ये पेलेग्रिनीची २००९ची ३:५९.१५ ही वेळ तर अनेकांना बराच काळ अभेद्य वाटत होती. ती लेडेकीने २०१४च्या ऑगस्टमध्ये मोडली आणि त्याच महिन्यात पुन्हा सुधारून ३:५८.३७वर आणली.

जलपर्णी

आतापर्यंतच्या चर्चेत प्रशिक्षक आणि प्रकृती या दोन गोष्टी राहून गेल्या आहेत, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर, म्हणजे ती का टिकली याचे, बरेचसे तिथे आहे असे मला वाटते.

लंडनपर्यंत युरी सुगियामा, लंडन ते रिओ ब्रूस गेमेल, स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेग मीहान, आणि टोकियोनंतर फ्लोरिडा विद्यापीठात अँथनी नेस्टी असे तिचे चार प्रशिक्षक झाले. प्रत्येक ऑलिम्पिकनंतर तिने प्रशिक्षक किंवा ठिकाण बदलले आहे, पॅरिसचा अपवाद सोडून. स्टॅनफर्डची वर्षे मला सर्वांत कठीण वाटतात. अमेरिकेतील विद्यापीठ स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात, तेथे टर्न जास्त आणि सलग पोहणे कमी असते, आणि स्त्रियांची सर्वांत लांब शर्यत १६५० यार्डांची असते. शिवाय त्या काळच्या नियमांनुसार विद्यापीठाकडून खेळत असताना जाहिरातींचे करार करता येत नसत. २०१८च्या मार्चमध्ये तिने विद्यापीठ स्पर्धा सोडून व्यावसायिक होण्याचा निर्णय घेतला, शिक्षण मात्र पूर्ण केले. २०२०मध्ये सगळीकडचे तलाव बंद झाले, तेव्हा ती आणि अमेरिकी जलतरणपटू सिमोन मॅन्युएल एका कुटुंबाच्या परसातील छोट्या तलावात सराव करत होत्या.

नेस्टी हे स्वतः १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये मॅट बियाँडीला एक शतांश सेकंदाने हरवून सुरीनामला पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे जलतरणपटू. त्यांच्याकडे गेल्यावर तिला रोजच्या सरावात बॉबी फिंकसारखा लांब पल्ल्याचा ऑलिम्पिक विजेता शेजारच्या लेनमध्ये मिळाला. शर्यतीत जिला बहुतेक वेळा एकटीनेच पुढे पोहावे लागते, तिला सरावात कोणाच्या तरी मागे राहण्याची वेळ यावी, हे फार उपयोगाचे ठरले असणार.

प्रकृतीचे म्हणाल, तर २०१९च्या ग्वांगजू स्पर्धेत आजारामुळे तिने २०० मीटरमधून आणि १५०० मीटरच्या अंतिम फेरीतून माघार घेतली. त्या अवस्थेत ८०० मीटरच्या अंतिम फेरीत सिमोना क्वादारेलाने तिला मागे टाकले होते, आणि तरीही शेवटच्या फेरीत जोर लावून तिने ती शर्यत ८:१३.५८मध्ये जिंकली. तिच्या मानाने वेळ संथ होती. पण मला तर रिओच्या ११ सेकंदांपेक्षा ही शर्यत जास्त सांगून जाते. आपल्याला पॉट्स हा विकार असल्याचेही तिने पुढे जाहीरपणे सांगितले आहे. त्यात उभे राहिल्यावर हृदयाचे ठोके वेगाने वाढतात, चक्कर आणि थकवा येतो. पाण्यात आडवे असताना हा त्रास कमी जाणवत असेलही, पण व्यायामशाळेत आणि तलावाच्या काठावर शरीर उभेच असते.

तिसरी लेन

जलपर्णी, ग्वांगजूची शर्यत मी विसरलो होतो. तो मुद्दा मान्य. धागाकर्त्यांचे टोकियोबद्दलचे म्हणणेही पटले. तरी ८०० मीटरला स्पर्धा विरळ होती, हे मत मी २०२३पर्यंतच्या काळापुरते कायम ठेवतो. २०२४च्या फेब्रुवारीत ऑर्लँडोला मॅकिन्टॉशने ८:११.३९ अशी वेळ देऊन ८०० मीटरच्या अंतिम फेरीत तिला हरवले, आणि तिची तेरा वर्षांची अपराजित मालिका संपली. त्या वेळी हिचा काळ संपला, असे मी ठामपणे म्हणत होतो.

दूरपल्ला (धागाकर्ता)

तसे म्हणणारे बरेच होते. त्यानंतर पॅरिसला ८:११.०४मध्ये तिने टिटमसला सव्वा सेकंदाने मागे ठेवून ८०० मीटरचे सलग चौथे सुवर्णपदक मिळवले. आणि २०२५मध्ये, २८ वर्षांची असताना, फोर्ट लॉडरडेलच्या एकाच स्पर्धेत ४०० मीटर ३:५६.८१, १५०० मीटर १५:२४.५१ आणि ८०० मीटर ८:०४.१२ अशा वेळा दिल्या. पहिल्या दोन तोपर्यंतच्या तिच्या आयुष्यातील दुसऱ्या क्रमांकाच्या, तिसरी विश्वविक्रमी. नऊ वर्षांत तिने ८०० मीटरमध्ये ०.६७ सेकंद मिळवले. एवढ्यासाठी नऊ वर्षे, असे कोणी म्हणेल. मला मात्र त्या ०.६७ सेकंदांत तिची सगळी मधली वर्षे दिसतात.

पाणघड्याळ

आणि विरळ स्पर्धेच्या आक्षेपाला सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत उत्तर मिळाले. २०२५च्या त्या ८०० मीटर अंतिम फेरीत लेडेकी ८:०५.६२, ऑस्ट्रेलियाची लॅनी पॅलिस्टर ८:०५.९८ आणि मॅकिन्टॉश ८:०७.२९ अशा तिघी आल्या. शेवटच्या टप्प्यापर्यंत कोण जिंकणार हे सांगता येत नव्हते. ज्या शर्यतीत रिओला ११ सेकंदांचा फरक होता, तीत आता ०.३६ सेकंदाचा होता, आणि विजेती तीच. या शर्यतीतील हे तिचे सातवे जागतिक विजेतेपद. मॅकिन्टॉशने त्याच स्पर्धेत ४०० मीटरसह चार वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली होती. पाचवे अडले ते याच शर्यतीत.

टिटमसने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये, पंचविसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. लेडेकीची नजर २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर आहे. तेव्हा ती ३१ वर्षांची असेल आणि मॅकिन्टॉश अजून बावीसचीही झालेली नसेल. १५०० मीटरमध्ये मला तिची चिंता वाटत नाही. ८०० मीटरमध्ये मात्र ८:०५च्या खाली गेल्याशिवाय भागेल असे दिसत नाही, आणि त्या वेळेच्या खाली ती स्वतःही २०२५च्या अखेरपर्यंत फक्त दोनदा, २०१६ आणि २०२५मध्ये, गेली होती.